रिस्कमध्ये पगार किती मिळतो? ऑफर स्वीकारण्याआधी एक एक गोष्ट तपासून घ्या

"रिस्कमध्ये जायचंय, पगार किती मिळतो?" हे एम.एस्सी. स्टॅटची मुलं विचारतात, सीए इंटर करून थांबलेले विचारतात, एमबीए फायनान्सवाले विचारतात आणि बँकेत पीओ म्हणून लागून दोन वर्षं झालेलेही विचारतात. एका आकड्यात याचं उत्तर देता येत नाही, कारण पुण्यात खराडीत एकाच रस्त्यावरच्या दोन बिल्डिंगमध्ये दोघांच्या कार्डावर "रिस्क अ‍ॅनालिस्ट" लिहिलेलं असतं, एकाला पाच लाख मिळतात, दुसऱ्याला पंधरा, आणि दोघांनाही आपापल्या कामाचा बाजारभावच मिळत असतो. नाव एक असलं तरी काम वेगळं, मालक वेगळा, पगाराची बांधणी वेगळी. म्हणून आकडा शेवटी बघायचा, आधी खुर्ची कुठली आहे ते बघायचं. नवीन माणसाने कुठल्या क्रमाने बघावं ते सांगतो.

पहिलं: रिस्क म्हणजे नेमकी कुठली रिस्क

क्रेडिट रिस्क म्हणजे दिलेलं कर्ज बुडेल का, मार्केट रिस्क म्हणजे बाजार हलला तर आपल्या पोझिशनचं, म्हणजे घेतलेल्या सौद्यांचं, काय होईल, ऑपरेशनल रिस्क म्हणजे माणसं, सिस्टीम, प्रोसेस, फ्रॉड यातून होणारं नुकसान, लिक्विडिटी किंवा एएलएम म्हणजे उद्या पैसे काढायला लोक आले तर आपल्याकडे आहेत का, आणि मॉडेल रिस्क म्हणजे हे सगळं मोजणारी जी गणितं आहेत तीच चुकीची असतील तर काय. हे सगळे विभाग "रिस्क" याच नावाखाली जाहिरातीत येतात पण पगाराचे पट्टे वेगवेगळे आहेत.

साधारण चित्र असं आहे. रिपोर्टिंगचं काम, म्हणजे रोज सकाळी फाइल ओढायची, लिमिट ओलांडलंय का बघायचं, एक्सेल भरायचं, मेल टाकायचा, याला फ्रेशरला बाजारात साधारण चार ते सहा-सात लाखांच्या आतबाहेर मिळतात. मॉडेल बनवणं किंवा मॉडेल तपासणं, म्हणजे कर्जदार थकण्याची शक्यता, थकला तर किती बुडेल, थकताना किती रक्कम बाहेर असेल हे काढणारी मॉडेल्स, याला चांगल्या कॉलेजातून स्टॅट किंवा इकोनॉमिक्स करून, पायथन आणि एसक्यूएल हातात असलेल्या मुलाला त्याच्या दुपटीपर्यंत मिळू शकतात. आणि डेरिव्हेटिव्ह प्राइसिंगची, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्ससारख्या सौद्यांची किंमत काढणारी, मॉडेल्स तपासणारी क्वांट (गणितवाली) मंडळी, आयआयटी किंवा आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) मधून आलेली, ती वीस लाखांच्या पुढे सुरू होतात. हे काटेकोर आकडे नाहीत, दरवर्षी हलतात, पण तिन्हींमधलं अंतर तसंच राहतं.

ते अंतर का आहे हे समजून घ्या, त्यावर पुढचं सगळं उभं आहे. २००८ च्या संकटानंतर अमेरिकेत २०१० साली डॉड-फ्रँक कायदा आला, एप्रिल २०११ मध्ये फेडरल रिझर्व्हने मॉडेल रिस्कवर एसआर ११-७ नावाचं मार्गदर्शन काढलं, त्यात अपेक्षा अशी की मॉडेल ज्याने बनवलं त्याच्यापेक्षा वेगळ्या, स्वतंत्र माणसाने ते तपासावं. म्हणजे प्रत्येक मोठ्या बँकेला एकाच कामासाठी दोन टीम लागायला लागल्या आणि त्यातलं बरंचसं काम मुंबई, पुणे, बंगळूरला आलं. मग १ जानेवारी २०१८ पासून आयएफआरएस ९ हा आंतरराष्ट्रीय हिशोबाचा नियम लागू झाला, आपल्याकडे मोठ्या एनबीएफसींना (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांना) १ एप्रिल २०१८ पासून तसाच इंड एएस १०९, आणि आता आरबीआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये बँकांसाठी एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉसचा मसुदा काढला त्यात १ एप्रिल २०२७ ही तारीख दिली. कर्ज थकल्यावर तरतूद करण्याऐवजी थकण्याआधीच अंदाज बांधून तरतूद करायची, त्यासाठी मॉडेल लागतं, मॉडेलला माणूस लागतो. असा नवा नियम आला की ते काम येणारी माणसं तेवढी नसतात आणि पगार वर जातो. रिपोर्टिंगचं काम मात्र दरवर्षी थोडं थोडं ऑटोमेट होतंय.

म्हणून जाहिरात वाचताना नावाकडे बघू नका, क्रियापदं बघा. "प्रिपेअर, कोलेट, ट्रॅक, सर्क्युलेट" असं लिहिलं असेल तर ती रिपोर्टिंगची खुर्ची आहे, वर पदाचं नाव काहीही असू दे. "डेव्हलप, व्हॅलिडेट, चॅलेंज, कॅलिब्रेट" असं असेल तर मॉडेलची. "असेस, रेकमेंड, अ‍ॅप्रूव्ह" असेल तर क्रेडिटची, आणि तिथे कंपन्यांच्या बॅलन्स शीट वाचता येणाऱ्या सीएला चांगला भाव आहे. मला स्वतःला वाटतं की क्रेडिट अंडररायटिंगचं काम आपल्या मुलांनी उगाच कमी लेखलंय, सगळे पायथनच्या मागे लागलेत, पण धंदा समजून "याला द्या, याला नको" हे सांगता येणारा माणूस दहा वर्षांनी खूप महाग होतो.

दुसरं: कोणाच्या पेरोलवर

सरकारी बँक, खासगी बँक, एनबीएफसी, विदेशी बँकेचं इथलं सेंटर, रेटिंग एजन्सी, कन्सल्टिंग, मोठी सहकारी बँक. काम सारखं असू शकतं पण पगाराचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा.

सरकारी बाजूला सगळं उघड असतं, म्हणून तुलनेची सुरुवात तिथून करा. बाराव्या वेतन करारानंतर स्केल वनचा, म्हणजे अधिकाऱ्यांच्या पहिल्या पायरीचा, बेसिक महिन्याला ४८,४८० पासून सुरू होतो, स्टेट बँक पीओला चार इन्क्रिमेंट आगाऊ देते म्हणजे ५६,४८०. रिस्कसाठी स्पेशालिस्ट ऑफिसर घेतात ते बहुतेक स्केल टू किंवा थ्रीला, तिथे बेसिक ६४,८२० आणि ८५,९२० पासून. आरबीआय ग्रेड बीच्या २०२५ च्या भरतीत सुरुवातीचा बेसिक ७८,४५० होता, भत्ते धरून महिन्याला दीड लाखाच्या आसपास जातो, आणि स्टॅटवाल्यांनी लक्षात ठेवा, आरबीआयमध्ये डीएसआयएम नावाचा संख्याशास्त्राचा वेगळा केडर आहे, इकोनॉमिक्ससाठी डीईपीआर आहे. बेसिकवर महागाई भत्ता (डीए) येतो जो दर तिमाहीला बदलतो, एनपीएस या पेन्शन योजनेत सरकारी बँका स्वतःकडून बेसिक अधिक डीएच्या १४ टक्के घालतात, आणि मुंबईत पोस्टिंग असेल तर क्वार्टर किंवा बँकेने भाड्याने घेतलेलं घर मिळतं. मुंबईत दोन बेडरूमचं भाडं किती ते तुम्हाला माहितीये, ती रक्कम पगारात धरली की खासगी ऑफर एकदम वेगळी दिसायला लागते.

विदेशी बँकांची सेंटर्स, म्हणजे खराडी, येरवडा, मगरपट्टा, गोरेगावचं निरलॉन, पवईचं हिरानंदानी, इथे सुरुवात चांगली होते आणि पहिली पाच-सहा वर्षं वाढही चांगली असते. एकच गोष्ट तपासा, निर्णय कुठे होतो. लंडनची टीम ठरवते आणि पुण्याची टीम फक्त नंबर काढून देते असं असेल तर एका टप्प्यानंतर पगार अडकतो, कारण पुढच्या कंपनीत मुलाखतीत विचारतात की "तू काय ठरवलंस" आणि सांगायला काही नसतं. मुलाखतीत सरळ विचारा की या मॉडेलचा मालक कोण, कमिटीपुढे कोण बसतं, इथलं कोणी बसतं का.

इथेच पदनामांबद्दल सांगून टाकतो. विदेशी बँकेत एव्हीपी (असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट) म्हणजे पाच-सात वर्षांचा माणूस, ज्याच्या हाताखाली कोणी नसूही शकतं. सरकारी बँकेत एजीएम (असिस्टंट जनरल मॅनेजर) म्हणजे पंधरा-वीस वर्षं घासलेला अधिकारी. कन्सल्टिंगमधला मॅनेजर आणि खासगी बँकेतला मॅनेजर यांच्यात पगाराचा दुप्पट फरक असू शकतो. म्हणून "माझा मित्र व्हीपी झाला" यावरून स्वतःचा पगार मापू नका.

एनबीएफसीत पगार चढउताराचा असतो, कर्जाचा बाजार तेजीत असला की उड्या मारून पैसे देतात, पण तिथे क्रेडिट रिस्कचं काम लवकर आणि खोलवर शिकायला मिळतं. आरबीआयने मे २०१९ मध्ये पाच हजार कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या एनबीएफसींना चीफ रिस्क ऑफिसर नेमायला सांगितलं आणि जून २०२१ मध्ये पाच हजार कोटी किंवा जास्त मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांनाही. आपल्या महाराष्ट्रात अशा मोठ्या सहकारी बँका बऱ्याच आहेत, पगार कॉर्पोरेटएवढा नसतो, पण टीम छोटी असल्यामुळे चार वर्षांत क्रेडिटपासून एएलएमपर्यंत सगळं हाताखालून जातं. गावाजवळ राहायचं असेल किंवा घरची जबाबदारी असेल तर हा रस्ता चांगला आहे, लोक उगाच नाक मुरडतात.

तिसरं: कंपनी पगार कसा देते हे तिच्याच अहवालात शोधा

हे फार कमी जण करतात. शेअर बाजारात लिस्ट असलेल्या प्रत्येक कंपनीला वार्षिक अहवालात सांगावं लागतं की डायरेक्टरचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे. अहवालाची पीडीएफ उघडा, "मीडियन रिम्युनरेशन" शोधा. समजा एमडीला वर्षाला ५ कोटी आणि गुणोत्तर ६० ला १ लिहिलंय, तर मधला कर्मचारी साधारण ८ लाख ३३ हजारांवर आहे. त्याच पानावर मीडियन पगार वर्षभरात किती टक्के वाढला तेही असतं. यात शाखेतला, कलेक्शनमधला, सगळा स्टाफ येतो, म्हणजे हा आकडा तुमच्या टीमचा नाही, पण दोन बँका शेजारी ठेवल्या आणि तीन वर्षांचे अहवाल बघितले की कुठली बँक माणसावर पैसा लावते आणि कुठली नाही ते कळतं. विदेशी सेंटर्स बहुतेक लिस्टेड नसतात, त्यांच्यासाठी हे चालत नाही, तिथे त्याच टीममधून दोन वर्षांत बाहेर पडलेला माणूस शोधून बोलायचं, आत असलेला माणूस मोकळेपणाने बोलू शकत नाही.

चौथं: सीटीसी फोडा

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. कागद पेन घ्या. एक ऑफर ९ लाखांची, दुसरी ८ लाख ४० हजारांची. बहुतेक जण डोळे झाकून ९ घेतील.

पहिली बघू. बेसिक निम्मा धरतो, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी भत्ते निम्म्याच्या वर नेण्याला चाप लावलाय. म्हणजे बेसिक साडेचार लाख, महिन्याला ३७,५००. ऑफरमध्ये व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग) १० टक्के, म्हणजे ९०,०००. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ५४,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, २१,६४५. मेडिकल इन्शुरन्स १२,०००. हे सगळं सीटीसीच्या आतच आहे. वजा केलं की ७,२२,३५५ उरतात, महिन्याला ६०,१९६. त्यातून तुमचा पीएफ ४,५०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात साडेपंचावन्न हजार. नव्या कर पद्धतीत ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन आणि १२ लाखांपर्यंतची सवलत असल्यामुळे इन्कम टॅक्स शून्य.

दुसरी. व्हेरिएबल नाही. पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर कापतात, म्हणजे महिन्याला १,८०० तुमचे आणि तेवढेच कंपनीचे. बेसिक ४,२०,०००, ग्रॅच्युइटी २०,२०२, इन्शुरन्स तेवढाच. उरतात ७,८६,१९८, महिन्याला ६५,५१६, कपात २,०००, हातात साडेत्रेसष्ट हजार. सीटीसी साठ हजारांनी कमी आणि हातात दर महिन्याला आठ हजार जास्त.

मग दुसरी चांगली का? लगेच म्हणू नका. पहिलीत पीएफमध्ये महिन्याला ९,००० जमा होतायत, दुसरीत ३,६००, आणि ते पैसे तुमचेच आहेत. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर वर्षअखेर पहिलीच पुढे जाते. पण ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं टिकलात तरच मिळते आणि या क्षेत्रात पहिली नोकरी पाच वर्षं करणारे कमी, म्हणजे ती रक्कम मनातून काढून टाका. घरभाडं, एज्युकेशन लोनचा हप्ता असेल तर हातात येणारा पैसा महत्त्वाचा, घरी राहून नोकरी करणार असाल तर पीएफवाली बरी. प्रत्येक ऑफर अशीच फोडायची, अर्धा तास लागतो.

पाचवं: बोनस कमी का

ट्रेडिंग किंवा सेल्सवाल्यांचे बोनस ऐकून रिस्कमधली मुलं हिरमुसतात. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. आरबीआयचं नोव्हेंबर २०१९ चं पगाराबद्दलचं मार्गदर्शन, खासगी आणि विदेशी बँकांसाठी, सांगतं की सीईओ आणि मोठे निर्णय घेणाऱ्यांच्या पगारात किमान निम्मा भाग व्हेरिएबल हवा, पण रिस्क आणि कम्प्लायन्सच्या माणसांचा पगार फिक्सकडे झुकलेला हवा आणि ते ज्या धंद्यावर लक्ष ठेवतात त्याच्या नफ्यावर अवलंबून नको. कारण सरळ आहे, ज्या कर्जाला तुम्ही "नको" म्हणायचं त्याच कर्जाच्या नफ्यातून तुमचा बोनस येणार असेल तर तुम्ही "नको" कसं म्हणणार? मला हा नियम मनापासून पटतो. यामुळे तेजीत आपल्याला कमी मिळतं पण मंदीत पगार तसा टिकतो.

याचा व्यवहारात उपयोग असा की रिस्कच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल २५-३० टक्के दिसलं तर थांबा आणि विचारा, हे कशावर ठरतं, गेल्या तीन वर्षांत या टीमला किती टक्के दिलं गेलं. उत्तरात बिझनेस टार्गेट, डिस्बर्समेंट (कर्जवाटप) असे शब्द आले तर ती खुर्ची सेकंड लाइनची, म्हणजे धंद्यावर लक्ष ठेवणारी, नसून फर्स्ट लाइनची आहे, म्हणजे धंद्याच्या बाजूची. तीही चांगली नोकरी असू शकते, फक्त काय घेताय ते माहीत असू द्या.

सहावं: एफआरएम कधी

एफआरएम म्हणजे फायनान्शियल रिस्क मॅनेजर, गार्प या आंतरराष्ट्रीय संस्थेची ही परीक्षा, दोन भाग, पहिल्यात १०० प्रश्न, दुसऱ्यात ८०, प्रत्येकी चार तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन्ही पास झाल्यावर दोन वर्षांचा अनुभव दाखवला की नावामागे एफआरएम लावता येतं. फी डॉलरमध्ये आहे, रुपयांत सगळं मिळून लाखाच्या वर जाते, क्लास लावला तर आणखी. फ्रेशरला पहिला भाग पास असल्याचा फायदा होतो तो मुलाखतीला बोलावण्यापुरता, पगार त्यावर फारसा वाढत नाही. खरा फायदा दोन-तीन वर्षांनी, एका विभागातून दुसऱ्यात जाताना. ऑपरेशन्समधून रिस्कमध्ये यायचंय, पीओ आहात आणि स्पेशालिस्ट केडरला अर्ज करायचाय, तेव्हा हे सर्टिफिकेट दार उघडतं, बऱ्याच जाहिरातींत ते पात्रतेत किंवा प्राधान्यात लिहिलेलंच असतं. आणि कंपनी फी परत देते का ते आधी विचारा, मोठ्या सेंटर्समध्ये बऱ्याचदा देतात, मग स्वतःच्या खिशातून कशाला. कर्ज काढून एफआरएम करायच्या आधी एसक्यूएल आणि पायथन नीट शिका, ते जवळपास फुकटात होतं आणि पगारात लगेच दिसतं.

सातवं: शहर आणि परदेश

मुंबईत पुण्यापेक्षा थोडं जास्त देतात पण भाडं ते खाऊन टाकतं. मार्केट रिस्क, ट्रेझरी, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, भारतीय बँकांची हेड ऑफिसं मुंबईत, तर मॉडेलिंग आणि विदेशी सेंटरचं काम पुण्यातही भरपूर. अमेरिकेत सरकारी आकडेवारीत फायनान्शियल रिस्क स्पेशालिस्ट ही वेगळी नोंदच आहे आणि तिथला मधला पगार वर्षाला एक लाख डॉलरच्या थोडा वर आहे. त्याला रुपयाने गुणून इथल्याशी तुलना करू नका, तिथला टॅक्स, भाडं, इन्शुरन्स सगळं धरावं लागतं. लंडनला जाणाऱ्यांसाठी एवढंच, तिथे बँकर्सच्या बोनसवरची मर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये उठवली, म्हणजे जुन्या ऑफर लेटरच्या बांधणीवरून आजचा अंदाज बांधू नका.

आठवं: बोलणी आणि तारखा

एचआर विचारेल "करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती". खरा आकडा सांगा, पे स्लिप मागतातच. पण अपेक्षा जुन्या पगारावर टक्के लावून सांगू नका, "या रोलचा बँड (पगाराचा पट्टा) काय आहे" असं आधी विचारा. रिपोर्टिंगमधून व्हॅलिडेशनला (मॉडेल तपासणीला) जाणारा माणूस ३० टक्के वाढ मागून खूश होतो आणि शेजारी बसणारा त्याच कामाचे दीडपट घेत असतो. कंपनीतल्या कंपनीत, आयजेपीने (अंतर्गत जाहिरातीतून) बदली घेतली तर वाढ कमी मिळते पण काम बदलतं, आणि ते काम वर्ष-दीड वर्ष केल्यावर बाहेरचा भाव बदलतो. पहिल्या तीन वर्षांत मी तरी कामालाच महत्त्व द्या असं सांगेन.

नोटीस पीरियड बघा, ९० दिवस सर्रास असतो, बायआउट, म्हणजे नोटीस पूर्ण न करता निघाल्यास भरायचे पैसे, नवीन कंपनी देणार का ते लेखी घ्या. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो, आणि परत देताना टॅक्स कापण्याआधीची रक्कम मागतात की नंतरची, हे वाचा.

शेवटची गोष्ट तारखांची. भारतीय बँकांचं वर्ष एप्रिल ते मार्च, विदेशी बँकांचं बहुतेक जानेवारी ते डिसेंबर, बोनस त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि त्या दिवशी तुम्ही नोटीसवर असाल तर बऱ्याच ठिकाणी तो मिळत नाही. नवीन कंपनीतही कट-ऑफ असते, वर्षातल्या ठरावीक तारखेनंतर जॉइन झालेल्यांना त्या वर्षीच्या इन्क्रिमेंटमध्ये धरत नाहीत, म्हणजे पंधरा दिवसांच्या फरकाने पुढचं आख्खं वर्ष जुन्याच पगारावर निघतं. कट-ऑफची तारीख कुठली, पहिल्या वर्षीचं व्हेरिएबल महिन्यांच्या प्रमाणात देणार का, हे दोन प्रश्न ऑफर स्वीकारायच्या आधी एचआरला फोनवर न विचारता मेलवर विचारा आणि आलेलं उत्तर पर्सनल मेलवर जपून ठेवा.